बिटएक्स: 7 वॉटचा हॅम रेडिओ

बिटएक्स हा हैदराबादच्या अशहर फरहान (कॉलसाइन व्हीयू2ईएसई) यांनी रचलेला कमी शक्तीचा हौशी ट्रान्सीव्हर. बाजारात सहज मिळणारे भाग वापरायचे, हा त्यामागचा आग्रह. सुरुवातीच्या बिटएक्स-20 मध्ये तर गुंडाळ्यांसाठी नळाचे प्लॅस्टिकचे वॉशर वापरले होते!

त्याची खरी खुबी द्विदिश प्रवर्धकात आहे. प्रत्येक टप्प्यात उलटसुलट जोडलेले दोन ट्रान्झिस्टर असतात. ऐकताना एकाला वीज मिळते, बोलताना दुसऱ्याला. त्यामुळे तोच क्रिस्टल फिल्टर आणि तेच मिक्सर दोन्ही कामांना पुरतात.

नंतरचा बिटएक्स-40 हा 7 मेगाहर्ट्झचा संच सुमारे 7 वॉट देतो. शेवटच्या टप्प्यातला आयआरएफ510 मुळात स्विचिंगसाठी बनलेला, स्वस्त मॉसफेट आहे.

हौशी लोक संचात करतात त्या बदलांची सुरुवात बहुधा इथूनच होते. या टप्प्याला वेगळा, जास्त व्होल्टचा पुरवठा दिला की शक्ती वाढते, पण उष्णताही वाढते. मोठा हीट सिंक हवाच. आयआरएफ510 चा धातूचा टॅब ड्रेनला जोडलेला असतो. मध्ये विद्युतरोधक अभ्रक न लावता तो पेटीला टेकला, तर पुरवठा शॉर्ट होतो. नवशिक्यांकडून हीच चूक वारंवार होते.

चाचणी अँटेनावर नव्हे, डमी लोडवर घ्यावी. 200 ओहम, 2 वॉटचे चार कार्बन रोधक समांतर जोडले की 50 ओहमचा असा लोड तयार होतो. तारगुंडाळीचे रोधक चालत नाहीत.

भारतात प्रक्षेपणासाठी हौशी रेडिओ परवाना लागतो. त्यासाठीच्या परीक्षेची तयारी आणि सोल्डरिंग एकत्रच सुरू करावे.