घोणस म्हणजे नेमकी कुठली?

पावसाची झड लागली आणि पंचगंगा पात्राबाहेर पडली की कोल्हापुरातल्या सर्पमित्रांचे फोन थांबत नाहीत. बिळांत पाणी शिरतं आणि साप उंचावर येतात: गोठ्यात, उसाच्या पाल्यात, शेणीच्या ढिगात. करवीर तालुक्यातल्या अशाच एका सर्पमित्राबरोबर मी पावसाळ्यात फिरतो.

“दादा, घोणस निघालीया गोठ्यात. लवकर या.”

सांगणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं, पण आपल्याकडे घोणशी दोन. एक खरी, विषारी, पाठीवर साखळीसारखे गोल-लांबट ठिपके असलेली, डिवचली तर कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करणारी. दुसरी डुरक्या घोणस, पूर्ण बिनविषारी. पाठीवर तिच्याही तपकिरी डाग आहेत, अंगानं तीही जाडजूड. घाबरलेला माणूस बोलताना ‘डुरक्या’ गाळतो आणि उरते नुसती घोणस. विदर्भात खऱ्या घोणशीला परड म्हणतात, म्हणजे तिकडचा पाहुणा इथं आला की आणखी गोंधळ.

म्हणून माझा मित्र फोनवर नाव ऐकून घेतो आणि बाजूला ठेवतो.

“लांबनंच बगा, जवळ जाऊ नका. शेपटीचं टोक कसं हाय?”

“आखूड हाय. तुटल्यागत.”

शेपूट आखूड आणि ठिपके वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले, तर बहुधा डुरक्या. मान बारीक, डोकं त्रिकोणी आणि ठिपक्यांच्या तीन सरळ रांगा, तर घोणस. तरी निघतो तो विषारीच समजून. मला त्याची ही शिस्त फार मोलाची वाटते.

मण्यार आणि कवड्याचं प्रकरण याहून नाजूक. दोघंही रात्री हिंडणारे, गडद अंगावर पांढरे पट्टे. एकदा कवड्या बरणीत असताना त्यानं मला पट्टे कसे वाचायचे ते दाखवलं. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचं उलट: पुढचा भाग बऱ्याचदा कोरा, पुढं बारीक पट्ट्यांच्या जोड्या, शेपटीपर्यंत स्पष्ट. शिवाय तिच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते. तीच खरी खूण, पण ती दिसेपर्यंत माणूस नको तितका जवळ गेलेला असतो.

साप सोडून आला की तो वहीत नोंद करतो: तारीख, गाव, मराठी नाव, शास्त्रीय नाव. शास्त्रीय नाव कशाला, असं गावकरी विचारतात. डुरक्याला ‘एरिक्स कोनिकस’ लिहिलं की कोल्हापूर, नागपूर आणि श्रीलंकेतला वाचणारा एकाच सापावर बोट ठेवतो. ही नावंही बदलतात, हे खरं. याच डुरक्याला मध्यंतरी ‘गाँगिलोफिस’ म्हणत, मग पुन्हा ‘एरिक्स’ झालं. परदेशात टॅरंटुला कोळी पाळणारे लोक तर बोलीनावावर खरेदीच करायला बिचकतात, कारण एकाच नावाखाली दोन-तीन जाती विकल्या जातात. त्यांच्या लाडक्या ‘मेक्सिकन रेडनी’ला वर्षानुवर्षं ‘ब्रॅकिपेल्मा स्मिथाय’ म्हटलं जाई. 2017 साली अभ्यासकांनी तपासलं तेव्हा त्यातले बरेचसे ‘ब्रॅकिपेल्मा हॅमोराय’ निघाले. पण शास्त्रातला बदल कोणी केला, केव्हा, कशाच्या आधारावर, हे छापलेलं असतं. जुनं नाव हातात असलं तरी माग काढत नव्यापर्यंत पोचता येतं. बोलीतलं नाव एका खिंडीपलीकडे दुसऱ्याच सापाला चिकटतं आणि त्याची नोंद कुठंच नसते.

म्हणून बोलीनावं टाकून द्यायची का? मुळीच नाही. पॅट्रिक रसेलनं 1796 साली कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांचं पुस्तक काढलं, त्यात स्थानिक लोकांनी सांगितलेली नावं जागोजाग दिली. घोणशीच्या ‘डाबोया रसेलाय’ या नावात त्याचंच आडनाव आहे. आणि 2024 मध्ये पश्चिम घाटातल्या नागराजाला वेगळी जात म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा तिचं नाव ‘कालिंगा’ ठेवलं, कर्नाटकातल्या लोकांच्या तोंडचं. मित्राच्या वहीत म्हणूनच आता पाचवा रकाना आहे: गावात काय म्हणतात.

दंश झाला तर मात्र नावाच्या मागं लागू नये. साप मारून दवाखान्यात नेण्यात वेळ जातो, दुसरा दंश होतो. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकत्रच चालते, आणि डॉक्टर लक्षणं पाहून उपचार करतात. मण्यारीचा दंश तर बऱ्याचदा दुखतही नाही, सूजही येत नाही. म्हणून जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या जड झाल्या तरी निघायला हवं.

पण चापडा या चौघांत नाही. घाटातल्या झाडोऱ्यात राहणाऱ्या या हिरव्या सापाच्या विषावर ही लस बेतलेली नाही. त्यामुळे गगनबावडा, आंबा, राधानगरीकडून फोन आला की मित्र रंग आधी विचारतो. हिरवा म्हणाले की पुढचा प्रश्न डोक्याचा. डोकं लांब, टोकदार आणि अंग दोरीइतकं बारीक असेल तर हरणटोळ. लोक त्याला टाळू फोडणारा म्हणून भितात, पण त्याचं सौम्य विष माणसाच्या जिवावर बेतत नाही. डोकं रुंद, त्रिकोणी असेल तर तो सांगतो, “तितंच थांबा, फांदीला हात लावू नका,” आणि गाडीची किल्ली उचलतो.