मुंबईला निघालेलं सोनं आणि 120 मीटर खालचा पाणबुडा

विहिरीत बादली पडली की आपल्याकडे गळ सोडतात. वरून दोर हलवत चाचपडायचं, अडकली तर अडकली. आता समजा, विहिरीऐवजी समुद्र आहे, खोली 120 मीटर आहे आणि तळाशी बादलीऐवजी 5 टन सोनं आहे. वरून काही दिसत नाही. माणूस उतरवला तर तो जिवंत वर येईल याची खात्री नाही. तुम्ही काय कराल?

हा प्रश्न काल्पनिक नाही. मे 1922 मध्ये ‘इजिप्त’ नावाची आगबोट इंग्लंडहून मुंबईला निघाली. 20 मे रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ दाट धुक्यात दुसऱ्या जहाजाची धडक बसली आणि ती थोड्याच वेळात बुडाली. 80 हून अधिक माणसं गेली. जहाजावर सुमारे 5 टन सोनं आणि 40 टनांहून जास्त चांदी होती. शिवाय इंग्लंडमध्ये छापलेल्या हैदराबाद संस्थानाच्या कोऱ्या नोटाही होत्या. आपला धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. म्हणजे त्या नोटा पोहोचल्या असत्या, तर त्यातल्या काही आपल्याकडच्या बाजारातही फिरल्या असत्या!

अडचण नेमकी कुठे आहे?

पाण्यात दर 10 मीटरला हवेच्या दाबाएवढा दाब वाढतो. 120 मीटरवर तो पृष्ठभागावरच्या 13 पट होतो, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण 13 किलोचा भार. बऱ्याच जणांना वाटतं की यात माणूस चिरडला जातो. तसं नाही. आपलं शरीर बहुतांश पाण्याचं आहे, ते सहजासहजी दाबलं जात नाही. खरी अडचण श्वासाची आहे.

त्या दाबाखाली छाती फुगायची तर हवाही तेवढ्याच दाबाने द्यावी लागते. मग नायट्रोजनमुळे दारू चढल्यासारखी गुंगी येते. इतक्या दाबाखालच्या हवेतला ऑक्सिजनसुद्धा विषारी ठरतो आणि झटके येऊ शकतात. शिवाय नायट्रोजन रक्तात विरघळतो. माणूस घाईने वर आला तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे होतात. त्यातून लकवा होतो, मृत्यूही येतो. आज एवढ्या खोलीसाठी हेलियम मिसळलेला वायू वापरतात, पण ‘इजिप्त’ शोधणाऱ्यांकडे तो नव्हता.

मग उपाय काय काढला?

इटलीच्या ‘सोरिमा’ कंपनीने हे काम घेतलं. अल्बेर्तो जियान्नी हा त्यांचा मुख्य पाणबुडा. त्याच्या चमूने पाण्याचा दाब माणसावर येऊच द्यायचा नाही असं ठरवलं. एक माणूस मावेल एवढी पोलादी कोठी, तिला जाड काचांच्या खिडक्या आणि आत टेलिफोन. दाब कोठीचं पोलाद सोसणार, आत हवा आपल्या घरातल्यासारखी. त्यामुळे गुंगी नाही आणि वर येताना बुडबुडेही नाहीत.

पण कोठीतल्या माणसाला बाहेर हात घालता येत नाही. म्हणून त्याने फक्त बघायचं आणि फोनवरून सांगायचं. साखर कारखान्यात ऊस उचलणारा लोखंडी पंजा तुम्ही पाहिला असेल. तसाच पंजा जहाजावरून खाली सोडायचे, आणि डावीकडे की उजवीकडे, किती खाली, हे पाणबुडा सांगायचा. म्हणजे गळाला डोळे मिळाले. खजिना शोधणारा पाणबुडा म्हटल्यावर सोन्यात हात घालणारा माणूस आठवतो. इथे पाणबुडा तासन् तास लोखंडात बसून अंधुक पाण्यात बघत होता.

दोन जहाजांमध्ये तार बांधून समुद्राचा तळ विंचरत 1930 च्या ऑगस्टमध्ये ‘इजिप्त’ सापडलं. पण खजिन्याची खोली कित्येक मजले खाली होती. सुरुंग लावून एकेक डेक फोडत जावं लागणार होतं, आणि हिवाळा तोंडावर आला होता.

धोका दुसरीकडेच होता

त्या हिवाळ्यात त्यांच्या ‘आर्तिल्यो’ जहाजाने दुसरं काम घेतलं. पहिल्या महायुद्धात बुडालेलं, दारूगोळ्याने भरलेलं ‘फ्लोरेन्स एच.’ हे जहाज फोडून हटवायचं होतं. पाणी इथे उथळ होतं. सुरुवातीला सुरुंग उडवताना ते बरेच लांब थांबायचे. पण आतला दारूगोळा पेटत नाही, इतक्या वर्षांत भिजून निकामी झाला असणार, असं वाटू लागलं. हळूहळू अंतर कमी होत गेलं. 7 डिसेंबर 1930 ला तो दारूगोळा उडाला. ‘आर्तिल्यो’ बुडालं. जियान्नी आणि त्याचे दोन साथीदार पाणबुडे गेले, इतर खलाशीही गेले.

याचा हिशेब मांडून बघा. 120 मीटरचा धोका सगळ्यांना माहीत होता, म्हणून त्यासाठी पोलादी कोठी बनली. दारूगोळ्याचा धोकाही माहीत होता. पण ‘आतापर्यंत काही झालं नाही’ हाच पुरावा मानला गेला. दहा वेळा स्फोट झाला नाही, यावरून अकराव्या वेळी होणार नाही असं सिद्ध होत नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी, आणि विहिरीत सुरुंग लावणाऱ्यांनीही, हे पक्कं लक्षात ठेवावं.

उरलेल्या लोकांनी दुसरं जहाज आणलं, त्यालाही ‘आर्तिल्यो’च नाव दिलं. 22 जून 1932 ला पंज्यातून पहिलं सोनं वर आलं. 1935 पर्यंत बहुतेक खजिना निघाला. हैदराबादच्या नोटाही निघाल्या. त्या आज नाणी-नोटा जमवणाऱ्यांच्या संग्रहात दिसतात. कोठी बनवणाऱ्या जियान्नीला मात्र यातलं काहीच बघायला मिळालं नाही.