जुन्या अँबेसडरचे स्टिअरिंग थरथरते? आधी चाकाचा तोल पाहा

अँबेसडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले, तरी हौशी मालकांनी ही गाडी अजून जपून ठेवलेली आढळते. मात्र साठ-सत्तरचा वेग घेतला की स्टिअरिंग थरथरू लागते, अशी तक्रार असते. मग कोणी तरी सांगतो, 'स्टिअरिंग बॉक्सच बदला.' बंधूंनो, खिशात हात घालण्याआधी चाकाचा तोल तपासून घ्या.

रिमच्या कडेला एका जागी ५० ग्रॅम वजन जादा असले, तर ताशी ४० किलोमीटरला सुमारे एक किलोचा हिसका बसतो. वेग दुप्पट झाला की हिसका चौपट होतो. म्हणजे ८० ला चार किलोंच्या वर, आणि तोही सेकंदाला दहा-अकरा वेळा! बेअरिंग आणि स्टिअरिंगचे सांधे टिकणार कसे? टायरही जागोजागी खाल्ला जातो.

हे वजन येते कोठून? बऱ्याचदा आपल्याच रानातून. काळ्या मातीचा चिखल रिमच्या आतल्या बाजूला बसतो आणि वाळून दगडासारखा होतो. (कृषी खात्याचा माणूस गाडीवर का लिहितो, याचे उत्तर यातच आले.) तेव्हा पहिले काम म्हणजे रिम आतून खरवडून धुणे. निम्म्या गाड्यांचे दुखणे इथेच थांबेल, असे माझे मत आहे. टायरमध्ये आतून बसवलेला गेटरही पाहावा.

पुढची तपासणी घरीही होते. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, पुढचे चाक जॅकवर घ्या आणि खाली भक्कम लाकडी ठोकळा द्या. ब्रेक सैल करून चाक हलकेच फिरवा. थांबल्यावर सर्वांत खालच्या जागी खडूने खूण करा. तीन-चार वेळा तीच खूण खाली आली, तर जड बाजू तीच. तिच्या बरोबर समोर रिमच्या कडेला वजन लावत जायचे. चाक कोठेही थांबू लागले की जमले. मागचे चाक डिफरन्शियलमुळे मोकळे फिरत नाही, म्हणून ते पुढच्या हबवर चढवून पाहावे. शेवटी ब्रेक आवळायचा विसरू नये.

आतल्या आणि बाहेरच्या कडेतला फरक मात्र यात सापडत नाही. त्यासाठी तालुक्याला मशीनवरच जावे लागते. तिथे दोन्ही कडांना वजन लावून घ्या, नुसते बाहेरून ठोकू देऊ नका. आणि गाडी एका बाजूला ओढत असेल, तर ते काम बॅलन्सिंगचे नाही, अलाइनमेंटचे आहे.