कणा आणि वय

भवानी पेठेतला एक बावन्न वर्षांचा हमाल मणक्याचा फोटो घेऊन आला. "अण्णा, गॅप पडलाय, घरी बसा म्हणतात."

मणक्यांमधल्या चकत्यांतले पाणी तरुणपणापासूनच आटू लागते. चकत्या बसतात, उंची किंचित घटते, मणक्यांच्या कडेला हाड वाढते. केस पिकावेत, तसेच हे! 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, पाठ मुळीच न दुखणाऱ्या पन्नाशीतल्या शंभरांपैकी सुमारे ऐंशी जणांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. नुसत्या फोटोवरून कुणाची भाकरी का काढावी?

मात्र पायांतले बळ गेले, लघवीवरचा ताबा सुटला, तर वयाला दोष देत बसू नये. त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

आणि ओझ्याचे काय? आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने 1967 साली शिफारस केली ती 55 किलोंची. आमच्या गड्याने उमेदीत वाहिली ती क्विंटलाची पोती.