ताप उतरला, धावायला केव्हा लागावे?

शाळेच्या क्रीडास्पर्धा आठ दिवसांवर आल्या आहेत. १५०० मीटर शर्यतीसाठी महिनाभर सराव केलेला एखादा विद्यार्थी नेमका सर्दी-तापाने अंथरूण धरतो. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि चौथ्या दिवशी पहाटे स्वारी मैदानावर हजर! बुडालेला सराव भरून काढायला हवा ना? पण मित्रांनो, ताप उतरला म्हणजे आजार संपला असे नव्हे.

ताप ही विषाणूंशी चाललेल्या झुंजीची खूण आहे. शरीराचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले, की नाडीचे ठोके मिनिटाला सुमारे १० ने वाढतात. म्हणजे रोगी स्वस्थ पडून असला, तरी त्याचे हृदय जादा काम करीतच असते. त्यात घामावाटे पाणी जाते, भूक मंदावते. आता धावण्याचा भार पाहा. विश्रांती घेत असताना प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते; जोराने धावताना हाच आकडा २० लिटरांच्या घरात जातो.

निरोगी हृदय हा भार सहज पेलते. पण काही विषाणू क्वचित हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचतात व तेथे दाह निर्माण होतो. १९७० साली अमेरिकेत कॉक्सॅकी बी-३ या विषाणूची लागण झालेल्या उंदरांना सक्तीने पोहायला लावण्यात आले. विश्रांती मिळालेल्या उंदरांच्या मानाने त्यांच्या हृदयात विषाणू शेकडो पटींनी वाढले आणि कित्येक उंदीर दगावले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि साध्या पडशात असे घडणे फार दुर्मिळ. तरीही या दाहामुळे हृदयाची लय बिघडून धडधाकट खेळाडूही कोसळू शकतो. तापात धावू नये, ते यासाठीच.

मग मैदानावर परतावे कसे? त्याचे मापन तुमच्या मनगटातच आहे. प्रकृती उत्तम असताना आठवडाभर रोज सकाळी, अंथरुणातून उठण्यापूर्वी, मिनिटभर नाडी मोजून वहीत टिपून ठेवा. आजारानंतर ठोके नेहमीपेक्षा १० ने जास्त भरले, तर त्या दिवशी विश्रांतीच घ्या. औषधाने दबलेला ताप उतरला असे धरू नका. औषधाशिवाय ताप राहिला नाही, अंगदुखी व खोकला थांबला, जिना चढताना थकवा वाटेनासा झाला, की आधी नुसते चाला. ते सोसले, तर दुसऱ्या दिवशी गप्पा मारता येतील इतक्या संथपणे, नेहमीच्या निम्मे अंतर धावा. आधी अंतर वाढवा, वेग सर्वांत शेवटी. ताप नाही, नुसते नाक वाहते आहे, तर हलका व्यायाम चालेल. मात्र छातीत दुखणे, धडधड, अकारण धाप किंवा चक्कर जाणवताच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

आठवडाभराच्या विश्रांतीने महिनाभर कमावलेला दम फारसा कमी होत नाही. म्हणून शिक्षकांनीही अशा विद्यार्थ्याला शर्यतीसाठी भरीस घालू नये. शर्यत पुढच्या वर्षीही असते. हृदय मात्र एकच आहे.