ट्रँझिस्टर : ओळख व परीक्षण (गिटारच्या पूर्वविवर्धकासाठी)

ट्रँझिस्टर हे दुर्बल विद्युत् संकेताचे विवर्धन करणारे तीन अग्रांचे अर्धसंवाहक साधन आहे. विद्युत् गिटारच्या तारांखाली बसविलेल्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. तार कंप पावली म्हणजे प्रवर्तनाने त्यांत काही दहांपासून काही शेकडा मिलिव्होल्टांपर्यंत संकेत निर्माण होतो. हा संकेत मुख्य विवर्धकाकडे पाठविण्यापूर्वी सबळ करणाऱ्या मंडलास पूर्वविवर्धक (प्रीअँप) म्हणतात. त्यातील पहिल्या ट्रँझिस्टरचा दोष पुढील प्रत्येक टप्प्यात संकेताबरोबरच वाढत जातो. त्यामुळे घरी पूर्वविवर्धक बांधताना ट्रँझिस्टर पारखून घेणे हे जोडकामाइतकेच महत्त्वाचे ठरते.

ट्रँझिस्टरचा शोध अमेरिकेतील बेल टेलिफोन लॅबोरेटरीज या संस्थेत जॉन बारडीन व वॉल्टर ब्रॅटन यांनी डिसेंबर १९४७ मध्ये लावला. विल्यम शॉक्ली यांनी पुढे संधि-ट्रँझिस्टरची कल्पना मांडली. या तिघांना १९५६ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात एसएल १०० व एसके १०० हे धातूच्या टोपीचे ट्रँझिस्टर हौशी मंडळींच्या व महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या दीर्घकाळ परिचयाचे आहेत. सुट्या भागांची मोठी बाजारपेठ मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) आहे. कर्जत रेल्वेने मुंबईपासून सु. १०० किमी., तर खालापूर तालुक्यातील खोपोली त्याहूनही दूर आहे. गणेशोत्सवातील वाद्यवृंदासाठी उपकरण बांधणाऱ्या तेथील हौशी कारागिरास एक भाग चुकीचा निघाला, तर एक दिवस खर्ची पडतो. अनेकदा त्याला जुन्या रेडिओतून काढलेल्या ट्रँझिस्टरवर काम भागवावे लागते. अशा वेळी घरच्या घरी करता येणारे परीक्षण उपयोगी पडते.

खुणांचा अर्थ : यूरोपीय पद्धतीच्या क्रमांकात पहिले अक्षर पदार्थ दर्शविते (ए म्हणजे जर्मेनियम, बी म्हणजे सिलिकॉन) व दुसरे उपयोग (सी म्हणजे अल्पशक्तीचा श्राव्य कंप्रतेचा). त्यामुळे एसी १२८ हा जर्मेनियमचा, तर बीसी ५४७ हा सिलिकॉनचा, हे नावावरूनच कळते. बीसी ५४७ च्या पुढील ए, बी व सी ही अक्षरे प्रवाह-लाभांकाचे गट होत. त्यांच्या मर्यादा अनुक्रमे ११० ते २२०, २०० ते ४५० व ४२० ते ८०० अशा आहेत. बीसी १०९, बीसी १४९ व बीसी ५४९ हे आपापल्या मालिकेतील अल्प गोंगाटाचे प्रकार असून पहिल्या टप्प्यास ते अधिक योग्य असतात. जपानी पद्धतीत ‘२एससी’मधील पहिली दोन चिन्हे वेष्टनावर बहुधा छापत नाहीत. त्यामुळे सी १८१५ असे दिसले, तर ते २एससी १८१५ समजावे.

अग्रांचा क्रम : उत्सर्जक, आधार व संग्राहक या तीन अग्रांचा क्रम सर्व ट्रँझिस्टरांत सारखा नसतो. सपाट बाजू आपल्याकडे व पाय खाली धरल्यास बीसी ५४७ मध्ये डावीकडून संग्राहक, आधार, उत्सर्जक असा क्रम येतो. २एन ३९०४ मध्ये तो नेमका उलट असतो. सी १८१५ मध्ये उत्सर्जक, संग्राहक, आधार असा क्रम असतो, म्हणजे आधार मध्यभागी नसतो. बीसी १०७ व एसएल १०० यांच्या धातूच्या टोपीला असलेल्या जिभेजवळचा पाय उत्सर्जकाचा असून संग्राहक टोपीलाच जोडलेला असतो. खुणा पुसलेल्या किंवा नव्याने छापलेल्या असू शकतात. म्हणून मापन हाच अखेरचा आधार होय.

मल्टिमीटरने ओळख : अंकदर्शी मल्टिमीटर डायोड-चाचणीवर ठेवावा. ज्या अग्रावर लाल सळई टेकविली असता इतर दोन्ही अग्रांकडे प्रवाह वाहतो, ते एनपीएन ट्रँझिस्टरचा आधार असते. काळी सळई ठेवून असे घडल्यास ट्रँझिस्टर पीएनपी होय. सिलिकॉनमध्ये वाचन सु. ०·६ ते ०·७ व्होल्ट, तर जर्मेनियममध्ये सु. ०·२ ते ०·३ व्होल्ट येते. आधार-उत्सर्जक वाचन आधार-संग्राहक वाचनापेक्षा काही मिलिव्होल्टांनी जास्त असते, त्यावरून उरलेले दोन पाय ओळखता येतात. मल्टिमीटरला लाभांकाची खोबण असल्यास ट्रँझिस्टर दोन्ही प्रकारे लावून पाहावा. ज्यात वाचन मोठे, तो क्रम बरोबर होय. काट्याच्या बहुतेक मल्टिमीटरांत रोधमापनाच्या वेळी काळी सळई धन असते, हे ध्यानात ठेवावे.

आधार-उत्सर्जक संधीस उलट दिशेने फार थोडा दाब सोसतो. बीसी ५४७ साठी ही मर्यादा ६ व्होल्ट आहे. ती ओलांडल्यास ट्रँझिस्टर लगेच निकामी होतोच असे नाही. तो चालू राहतो, पण त्याचा लाभांक घटतो व गोंगाट कायमचा वाढतो. अंतर्गत ९ व्होल्टांची घटमाला वापरणारा काट्याच्या मल्टिमीटरचा उच्च रोधपल्ला म्हणूनच येथे टाळावा. पाय निश्चित झाल्यावाचून ट्रँझिस्टर ९ व्होल्टांच्या घटमालेस जोडू नये.

लाभांक व क्षरण : एनपीएन ट्रँझिस्टरचा उत्सर्जक घटमालेच्या ऋण टोकास जोडावा. संग्राहक १ किलोओहम व आधार १ मेगॅओहम रोधकातून धन टोकास जोडावा. पीएनपीसाठी घटमाला उलटी करावी. सिलिकॉनमध्ये आधारप्रवाह सु. ८·४ मायक्रोअँपिअर येतो. १ किलोओहम रोधकावरील दाब मिलिव्होल्टांत मोजून त्यास ८·४ ने भागल्यास लाभांक मिळतो. उदा., २·५२ व्होल्ट म्हणजे लाभांक ३००. आता आधार सुटा करावा. चांगल्या सिलिकॉन ट्रँझिस्टरमध्ये हा दाब जवळजवळ शून्य होतो. जर्मेनियममध्ये क्षरणप्रवाहामुळे काही दाब उरतो. तो आधीच्या वाचनातून वजा न केल्यास गळका ट्रँझिस्टर उत्तम लाभांकाचा भासतो.

क्षरणप्रवाह तापमानाच्या दर सु. १०° से. वाढीस साधारण दुप्पट होतो. कर्जत परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४०° से. वर जातो. २५° से. तापमानास चाचणीत उतरलेल्या जर्मेनियम ट्रँझिस्टरचे क्षरण तेथे तिप्पट होऊ शकते. बोटांच्या उष्णतेनेही वाचन सरकते. म्हणून ट्रँझिस्टर हातात न धरता स्थिर झाल्यावरच मोजावा.

मंडलातील चाचणी : पिकअपचे प्रवर्तकत्व मोठे असल्याने पूर्वविवर्धकाचा आदान संरोध काही शेकडा किलोओहम असावा लागतो, नाहीतर उच्च स्वर मंदावतात. यासाठी पहिला टप्पा उत्सर्जक-अनुगामी ठेवतात. त्यात संग्राहक थेट ९ व्होल्टांस, आधार १ मेगॅओहमच्या दोन रोधकांच्या मध्यबिंदूस व उत्सर्जक १० किलोओहममधून ऋण टोकास जोडतात. लाभांक ४०० असल्यास उत्सर्जकावर सु. ३·५ व्होल्ट व १०० असल्यास सु. २·६ व्होल्ट मिळतात. आदान संरोध अनुक्रमे सु. ४४० व ३३० किलोओहम येतो. दाब उत्सर्जकावरच मोजावा, कारण आधारावर मल्टिमीटर जोडताच त्याच्या भाराने वाचन बदलते. या टप्प्यात दाब वाढत नाही. दुसऱ्या टप्प्यात संग्राहकास १० किलोओहम व उत्सर्जकास १ किलोओहम दिल्यास विवर्धन सु. १० पट होते. ते मुख्यतः रोधकांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. त्यामुळे केवळ सर्वाधिक लाभांकाचा ट्रँझिस्टर शोधण्यात फारसा लाभ नाही.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या पावसाळी हवेत मंडलफलकावरील ओलावा व डाख लावताना उरलेली राळ मेगॅओहम रोधकांना समांतर मार्ग देतात आणि उत्सर्जकाचा दाब सरकतो. अशा वेळी ट्रँझिस्टरला दोष देण्यापूर्वी फलक स्पिरिटने पुसून कोरडा करावा.

शेवटची चाचणी कानाने करावी. आदान अग्रे एकत्र जोडून मुख्य विवर्धकाचा आवाज वाढवावा व दोन-चार ट्रँझिस्टर आळीपाळीने लावून पाहावेत. प्रत्येक वेळी घटमाला आधी तोडावी. ज्याची सरसर सर्वांत कमी, तो पहिल्या टप्प्यात बसवावा. लाभांक समाधानकारक पण गोंगाट अधिक असलेले ट्रँझिस्टर दुसऱ्या टप्प्यात वापरता येतात. [⟶ अर्धसंवाहक, विवर्धक].