सरकारच्या पैशाने, पण सरकारी नव्हे

सरकारी अनुबोधपट म्हटला की धरणाची भिंत, फीत कापणारे मंत्रिमहोदय आणि धीरगंभीर निवेदन एवढेच डोळ्यांसमोर येते. मुख्य चित्रपटापूर्वी असे पट निमूटपणे पाहिलेल्यांना, सरकारी खर्चानेच देशाच्या चुकांचा पाढा वाचता येतो, हे सांगूनही पटणार नाही. अमेरिकेत पेअर लॉरेन्ट्झ (१९०५-१९९२) यांनी ते करून दाखविले.

लॉरेन्ट्झ हे मूळचे लेखक व चित्रपट-समीक्षक. रूझवेल्ट प्रशासनाच्या पुनर्वसन खात्याने १९३५ मध्ये त्यांच्यावर अनुबोधपटाचे काम सोपविले, तेव्हा त्यांनी एकही चित्रपट काढलेला नव्हता. मंजुरी सहा हजार डॉलरची होती. प्रत्यक्ष खर्च तिपटीवर गेला आणि त्यातला काही भार त्यांनी पदरचा सोसला. 'द प्लाऊ दॅट ब्रोक द प्लेन्स' १९३६ मध्ये पुरा झाला. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला म्हणून मैदानी प्रदेशातील गवताळ जमीन नांगराखाली आली. पुढे अवर्षण पडले आणि उघडी झालेली माती वाऱ्यावर उडाली. दोष निसर्गावर ढकलून मोकळे होण्याची सोय या पटाने ठेवली नाही. हॉलीवूडच्या बड्या कंपन्यांनी तो वितरणास घेण्याचे नाकारले. सरकारने आपल्या धंद्यात पाऊल टाकावे, हेच त्यांना खुपत होते. मैदानी राज्यांतील काही लोकप्रतिनिधींनाही आपल्या भागाचे हे दर्शन रुचले नाही.

'द रिव्हर' (१९३७) ही त्यांची खरी कीर्ती. विषय मिसिसिपीचा. चित्रण आटोपत आले असतानाच १९३७ च्या जानेवारीत ओहायो नदीला महापूर आला आणि छायाचित्रकारांना पुन्हा पाण्याकडे धावावे लागले. पण या पटाचे बळ चित्रांइतकेच शब्दांत आहे. निवेदक नद्यांची नावे एकामागून एक उच्चारतो. पुढे तोडलेली अरण्ये, वाहून गेलेली माती आणि दरिद्री झालेली माणसे येतात. त्याच लयीत, कोठेही आवाज न चढविता. ही संहिता पुढे पुस्तकरूपाने निघाली आणि कवितेसारखी वाचली गेली. १९३८ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पटाचा गौरव झाला. शेवटी टेनेसी खोऱ्यातील सरकारी धरणांची जी भलावण येते, ती मात्र चिकटविल्यासारखी वाटते. तेवढ्यापुरता लेखकाचा नोकर होतो.

१९३८ मध्ये त्यांच्या हाताखाली स्वतंत्र चित्रपट-विभाग स्थापन झाला. बाळंतपणातील मृत्यूंवर 'द फाइट फॉर लाइफ' निघाला तो १९४० मध्ये. त्याच वर्षी काँग्रेसने विभागाचा पैसा बंद केला.

युद्धानंतर न्यूरेंबर्ग खटल्यावरील अनुबोधपटाची सूत्रे त्यांच्याकडे आली. १९४७ मध्ये त्यांनी पद सोडले. स्टुअर्ट शुलबर्ग यांनी दिग्दर्शित केलेला तो पट १९४८ मध्ये जर्मनीत दाखविला गेला. अमेरिकेतील प्रदर्शन सरकारनेच रोखून धरले. तेथील चित्रगृहांत तो पोहोचला २०१० मध्ये. लॉरेन्ट्झ यांना जाऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती.